समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवरचं आरमारी युद्ध: टांगानिका सरोवर, १९१५-१६

गलबत:
नमस्कार मंडळी. माझा मुलगा सातवीत आहे. पहिल्या महायुद्धाचा धडा वाचताना त्याने आफ्रिकेच्या नकाशावर बोट ठेवून विचारलं, "बाबा, या तळ्याला समुद्राकडून वाट नाही, मग इथे युद्धनौका आल्या कुठून?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून दोन महिने मी याच विषयात अडकलोय. जे कळलं ते थोडक्यात मांडतो, पुढे जाणकारांनी भर घालावी.

ते 'तळं' म्हणजे टांगानिका. लांबी ६७० किमीच्या वर, म्हणजे साधारण आपल्या अख्ख्या कोकण किनाऱ्याएवढी. खोली १,४७० मीटर. जगात यापेक्षा खोल फक्त बैकल. १९१४ साली पूर्व काठ जर्मनांचा, पश्चिम काठ बेल्जियन काँगोचा आणि दक्षिण टोक ब्रिटिशांच्या उत्तर ऱ्होडेशियाला लागलेलं. युद्ध पेटलं तेव्हा जर्मनांकडे 'हेडविग फॉन विसमान' ही छोटी आगबोट होती. तिने ऑगस्ट १९१४ मध्येच बेल्जियनांची एकुलती एक मोठी बोट निकामी केली. नोव्हेंबरमध्ये ब्रिटिशांची 'सेसिल ऱ्होड्स' बुडवण्यात आली. एवढ्यावर सरोवर जर्मनांचं झालं.

मग एप्रिल १९१५ मध्ये जॉन ली नावाचा शिकारी लंडनला नौदलाच्या मुख्यालयात गेला आणि म्हणाला, इंग्लंडहून मोटरबोटी न्या, मी वाट दाखवतो. आणि नौदलाने हो म्हटलं! चाळीस फुटी दोन बोटी, 'मिमी' आणि 'टूटू', २८ माणसं, आणि कमांडर स्पायसर-सिमसन. बोटी जहाजातून केपटाऊनला, तिथून रेल्वेने काँगोतल्या फुंगुरुमेपर्यंत, पुढे २३५ किमी जंगलातून आणि मितुम्बा डोंगरावरून ओढत, मग परत रेल्वे, लुआलाबा नदी, परत रेल्वे, आणि ऑक्टोबर १९१५ च्या अखेरीस सरोवराचा काठ. जवळपास १६ हजार किमी.

माझा प्रश्न असा: हे सगळं कशासाठी? एका सरोवरावरच्या दोन-तीन आगबोटींसाठी एवढा खटाटोप करण्यासारखं तिथे काय होतं? हा निव्वळ साम्राज्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता की खरंच लष्करी गरज?

ओवी:
वाचतेय. मिमी आणि टूटू ही युद्धनौकांची नावं आहेत यावर विश्वास बसत नाहीये.

गलबत:
@ओवी, स्पायसर-सिमसनने आधी 'कॅट' आणि 'डॉग' सुचवली होती. ती नामंजूर झाली, म्हणून ही.

घाटवाट:
अप्रतिम विषय. धाग्याबद्दल मनापासून आभार.

माझ्या मते ही निव्वळ प्रतिष्ठा होती. मुख्य युद्ध फ्रान्समध्ये, खंदकांत. पूर्व आफ्रिकेतली आघाडीच दुय्यम, आणि त्या आघाडीतलं हे सरोवर म्हणजे दुय्यमातलं दुय्यम. जर्मन सेनापती फॉन लेटो-फोरबेक तर सरोवर गेल्यावरही नोव्हेंबर १९१८ पर्यंत लढतच होता. मग सरोवर जिंकून काय मिळालं?

तांडेल:
मी मालवणचा. इतिहासातलं मला फारसं कळत नाही, पण लाकडी होडी जमिनीवरून नेणं म्हणजे काय ते सांगू शकतो.

काही वर्षांपूर्वी घाटावरच्या एका धरणासाठी आम्ही आमची २८ फुटी होडी ट्रकवर चढवून फोंडा घाटातून नेली होती. चढवायलाच अर्धा दिवस गेला. खाली तेल लावलेले ओंडके, दोन्ही अंगांना दोर, आणि मधे एक माणूस नुसता ओरडायला. घाटात प्रत्येक वळणावर नाळेचं, म्हणजे होडीच्या पुढच्या भागाचं, टोक दरीच्या बाहेर. मी मागून चालत होतो, छातीत धडधड. वर पोचेपर्यंत उन्हाने फळ्या आक्रसल्या होत्या. पाण्यात टाकली तशी सगळ्या सांध्यांतून पाणी आत यायला लागलं. शेवटी रात्रभर तशीच पाण्यात बुडवून ठेवली. लाकूड फुगलं, फटी मिटल्या, मग दुसऱ्या दिवशी पाणी उपसून काढलं.

हे डांबरी रस्त्यावरून, एका दिवसाचं. त्या लोकांनी चाळीस फुटी बोटी रस्ताच नसलेल्या डोंगरावरून कशा नेल्या असतील याचा विचार करून काल रात्री झोप आली नाही. कोणाला तपशील माहीत असेल तर लिहा.

इतिहासवेडा:
@तांडेल, तुमचा प्रतिसाद वाचून हा सगळा प्रसंग पहिल्यांदाच डोळ्यांसमोर उभा राहिला.

आधी रस्ता बांधला, मग बोटी नेल्या. स्थानिक मजुरांनी झाडं तोडली, ओढे-नाल्यांवर ओंडक्यांचे पूल घातले. पुलांची संख्या दीडशेच्या घरात जाते. बोटी पाळण्यासारख्या गाड्यांवर ठेवलेल्या. ओढायला वाफेची दोन ट्रॅक्शन इंजिनं, म्हणजे जुन्या रोड रोलरची भावंडं समजा, शिवाय बैलांच्या जोड्या, आणि जिथे इंजिन हरलं तिथे माणसं. सहा हजार फुटांपर्यंतची चढण, आणि चढणीपेक्षा उतार वाईट, कारण गाडी मागून अंगावर येते.

इंजिनांना लाकूड लागतं आणि पाणी लागतं. लाकूड जंगलात होतं. पाणी नव्हतं. ते आसपासच्या गावांतल्या बायकांनी मैलोन्मैल डोक्यावरून मडक्यांनी वाहून आणलं. या एका गोष्टीपाशी मी नेहमी थांबतो. आपल्याकडे उन्हाळ्यात हे दृश्य कोणी पाहिलेलं नाही? राजाच्या आरमाराच्या बोटी पुढे सरकाव्यात म्हणून डोक्यावर घागरी घेतलेल्या बायकांची रांग. फुंगुरुमे ते सांकिसिया, म्हणजे परत रेल्वे लागते तिथपर्यंतच्या या टप्प्याला, जवळजवळ सहा आठवडे लागले.

ओवी:
अंगावर काटा आला. त्या बायकांपैकी एकीचंही नाव कुठे नसेल ना?

इतिहासवेडा:
माझ्या वाचनात तरी आलेलं नाही. २८ गोऱ्या खलाशांपैकी बहुतेकांची नावं मिळतात.

टिपकागद:
लढाईचं सांगा की कोणीतरी! बोटी पोचल्या, पुढे?

गलबत:
सांगतो.

२२ आणि २३ डिसेंबर १९१५ ला बोटी पाण्यात उतरल्या. २६ तारखेला रविवार होता. सकाळची प्रार्थना चालू असताना जर्मनांची 'किंगानी' टेहळणी करत येताना दिसली. प्रार्थना पूर्ण करून मंडळी बोटींवर गेली. किंगानीची अडचण अशी की तिची तोफ नाळेवर होती आणि फक्त पुढच्या बाजूला मारा करू शकत होती. मिमी-टूटू वेगवान, त्या तिच्या मागच्या अंगाला राहिल्या. तोफ रोखायची तर किंगानीला अख्खी बोट वळवावी लागे. लढाई ११ मिनिटं चालली. किंगानीचा कप्तान युंगं मारला गेला, बोट पकडली, दुरुस्त केली आणि तिचं नाव ठेवलं 'फिफी'.

९ फेब्रुवारी १९१६ ला किंगानीचं काय झालं ते शोधत 'हेडविग' आली. या वेळी पाठलाग लांबला. सरोवरावर उन्हाने मृगजळासारखं दिसत होतं, लांबचं अंतर नजरेला फसवत होतं, गोळे कुठे पडताहेत ते कळेना. फिफीवर आता मोठी तोफ बसवली होती, पण ती पुढे डागली की धक्क्याने बोटीचाच वेग तुटायचा. मिमीने पुढे जाऊन हेडविगला वळायला भाग पाडलं, मग फिफीने गाठलं आणि हेडविग बुडाली. तिचा झेंडा ब्रिटिशांच्या हाती लागला.

तांडेल:
तोफेच्या धक्क्याने वेग तुटतो हे अगदी पटलं. छोट्या होडीत नाळेवर उभं राहून जाळं जोरात फेकलं तरी होडी मागे सरकते. मग तोफेचं काय घेऊन बसलात.

घाटवाट:
म्हणजे दोन बोटी गेल्या आणि सरोवर ब्रिटिशांचं झालं?

गलबत:
नाही! खरा राक्षस शिल्लक होता. 'ग्राफ फॉन ग्योत्सेन'. ७१ मीटर लांब. हेडविग जेमतेम २० मीटरची होती, त्यावरून अंदाज करा. जर्मनीत पापेनबुर्ग इथे बांधलं, मग पुन्हा सुटं केलं, ५,००० खोक्यांत भरून दार-ए-सलामला, तिथून रेल्वेने सरोवरकाठच्या किगोमाला, आणि तिथे परत जोडून फेब्रुवारी १९१५ मध्ये पाण्यात सोडलं. पुढे त्यावर 'क्योनिग्सबर्ग' या क्रूझरची १०५ मिमीची तोफ चढली. ती क्रूझर जुलै १९१५ मध्ये रुफिजी नदीच्या मुखाशी संपली होती, पण तिच्या तोफा उतरवून जर्मन देशभर घेऊन फिरत होते.

हेडविग बुडाल्यावर ग्योत्सेन शोधायला आलं. काठावरून सगळ्यांनी पाहिलं. आणि स्पायसर-सिमसनने बोटी बाहेर काढायला नकार दिला. त्याच्याच माणसांना ते झोंबलं. त्याच्याबद्दल अनेक विचित्र गोष्टी लिहिल्या जातात, तो तिथे झगा नेसून फिरायचा, अंगभर गोंदवून घेतलं होतं वगैरे. पण या निर्णयात मला तो बरोबर वाटतो. चाळीस फुटी लाकडी बोट घेऊन त्या तोफेपुढे जायचं म्हणजे माणसं मारायची.

इतिहासवेडा:
सहमत. शेवटी ग्योत्सेन कोणी बुडवलं माहीत आहे? जर्मनांनीच. जून १९१६ मध्ये बेल्जियन सीप्लेननी किगोमावर बाँब टाकले, जमिनीवरून सैन्य जवळ येऊ लागलं. तोवर जहाजावरची मोठी तोफही दुसरीकडे हलवली होती, तिच्या जागी लाकडी तोफ उभी केलेली. २६ जुलै १९१६ ला जहाज मुद्दाम बुडवलं. पण ज्या इंजिनिअरने ते बांधलं होतं त्या आंटोन र्‍यूटरने आधी इंजिनांना ग्रीस फासून घेतलं. स्वतःच्या हाताने ५,००० खोक्यांतून जोडलेलं जहाज! ते बुडवताना त्याला काय वाटलं असेल. ते परत कधीतरी वर निघेल, एवढा विश्वास त्याने त्या ग्रीसवर ठेवला. आणि १९२४ साली ब्रिटिशांनी ते वर काढलं तेव्हा इंजिनं शाबूत होती. १९२७ पासून ते 'लिएम्बा' या नावाने चालू लागलं.

दार-ए-सलामकर:
लिएम्बा!! मी त्यावर बसलोय!

नोकरीनिमित्त टांझानियात सहा वर्षं होतो. किगोमाहून दक्षिणेला म्पुलुंगूपर्यंत लिएम्बा जायची, मी मधल्या एका गावापर्यंत गेलो होतो. बऱ्याच गावांना धक्काच नाही. रात्री दोनला भोंगा वाजला, जहाज पाण्यातच थांबलं, आणि अंधारातून वीस-पंचवीस लाकडी होड्या आल्या. एकमेकींवर आपटत, माणसं ओरडताहेत, कोणी बाळ वर देतंय, कोणी कोंबड्यांची टोपली, कोणी सुकवलेल्या दगाची पोती. दगा म्हणजे आपल्या मांदेलीहून लहान, चांदीसारखी मासळी. सगळ्या जहाजाला तोच वास. लोखंडी पत्र्यावर हात ठेवला तर रिव्हेटची टोकं हाताला लागत होती. पापेनबुर्गला ठोकलेली ती रिव्हेटं! तेव्हा मला हा इतिहास अर्धाच माहीत होता. आज हा धागा वाचून पुन्हा तिथे जावंसं वाटतंय.

घाटवाट यांच्या प्रश्नाकडे येतो. नकाशा नीट बघा. त्या काळी काठाने धड रस्ता नाही. सैन्य, धान्य, दारूगोळा, सगळं हमालांच्या डोक्यावरून. आणि हमाल जे धान्य वाहतो त्यातलंच खातो, त्यामुळे पल्ला लांबला की पोचेपर्यंत ओझ्यातलं फारसं काही उरत नाही. पण बोट असेल तर शेकडो माणसं एका रात्रीत दुसऱ्या काठाला. सरोवर ज्याचं त्याला ६७० किमीचा गुळगुळीत हमरस्ता फुकट. जर्मन म्हणूनच कुठेही उतरून हल्ले करू शकत होते आणि बेल्जियन सैन्य पलीकडे येऊ शकत नव्हतं.

घाटवाट:
@दार-ए-सलामकर, हमाल स्वतःच ओझं खातो हा मुद्दा डोक्यात प्रकाश पाडून गेला. मी सरोवराला अडथळा समजत होतो. तो रस्ता होता. माझं 'दुय्यमातलं दुय्यम' हे विधान मागे घेतो, निदान अर्धं.

पाणकोंबडी_अमेरिका:
थोडं अवांतर, पण याच धर्तीचं. वॉशिंग्टनच्या संग्रहालयात 'फिलाडेल्फिया' नावाची तोफांची होडी आहे. ११ ऑक्टोबर १७७६, शॅम्प्लेन सरोवर, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली व्हालकूर बेटाची लढाई. त्यात ती बुडाली आणि १९३५ साली वर काढली. गोड्या थंड पाण्यात लाकूड इतकं टिकलंय की फळ्यांवरची हत्यारांची धारदेखील दिसते. आणि तिला बुडवणारा २४ पौंडी गोळा तिच्याबरोबरच ठेवलाय. मी माझ्या मुलीला घेऊन गेले होते. ती म्हणाली, "आई, एवढूसा?" खरंच, शहाळ्यापेक्षाही लहान. पण एवढ्याने अख्खी होडी गेली.

तिथेही हीच कथा. ब्रिटिशांनी 'इन्फ्लेक्सिबल' हे जहाज सुटं करून, नदीच्या धारांच्या वरच्या अंगाला नेऊन २८ दिवसांत पुन्हा उभं केलं. बेनेडिक्ट आर्नल्डची छोटी अमेरिकन तुकडी हरली, रात्री धुक्यातून वल्ह्यांना फडकी गुंडाळून निसटली, तरी दोन दिवसांत गाठली गेली. पण जहाजं बांधण्यात ब्रिटिशांचा उन्हाळा संपला होता, हिवाळा तोंडावर आला, ब्रिटिश सेनापती कार्लटनचं सैन्य परत फिरलं. पुढच्या वर्षी ते आलं तोवर अमेरिकन तयार होते, आणि साराटोगाला ब्रिटिशांनी शरणागती पत्करली. लढाई हरून मोहीम वाचली. म्हणून सरोवरावरच्या लढाया किरकोळ असतात हे मला पटत नाही.

टिपकागद:
+१. १८१२ च्या ब्रिटन-अमेरिका युद्धात ऑन्टारिओ सरोवरावर ब्रिटिशांनी 'सेंट लॉरेन्स' हे ११२ तोफांचं जहाज बांधलं होतं. ते कधी लढलंच नाही, पण त्याच्या धाकाने समोरचा बंदराबाहेर पडेना. आणि एक गंमत: सरोवरातल्या जहाजांना पिण्याच्या पाण्याची पिंपं लागत नाहीत, बादली सोडली की झालं. त्यामुळे तळघर उथळ ठेवून वर तोफा चढवता यायच्या.

तांडेल:
बादली सोडली की पिण्याचं पाणी! आम्हा खाऱ्या पाण्यातल्या माणसांना हे स्वप्नच.

ओवी:
न्यासा सरोवराचंही कोणीतरी सांगा ना. तिथेही काहीतरी झालं होतं असं ओझरतं वाचलंय.

इतिहासवेडा:
हो, आणि ते टांगानिकाच्या आधी. १३ ऑगस्ट १९१४. ब्रिटिश बोट 'ग्वेंडोलिन', कप्तान ऱ्होड्स. जर्मन बोट 'हेरमान फॉन विसमान', कप्तान बेर्न्ट. दोघं जुने मित्र, एकत्र बसून पिणारे. लढाई सुरू झाल्याची बातमी ऱ्होड्सला पोचली, बेर्न्टला नाही. त्याची बोट दुरुस्तीसाठी काठावर ओढलेली होती. ग्वेंडोलिनने गोळे टाकायला सुरुवात केली तसा बेर्न्ट छोट्या होडीतून रागारागाने आला, दोस्ता प्यायलास काय, असं ओरडत. त्याला सांगितलं, युद्ध जाहीर झालंय, तू कैदी आहेस.

लोक हा किस्सा हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. युरोपात कोणीतरी कागदावर सही केली आणि हजारो मैलांवर दोन मित्रांमधली एक संध्याकाळ कायमची संपली.

दार-ए-सलामकर:
मित्रांवरून आठवलं. दार-ए-सलामला मी ज्या बाजारात भाजी घ्यायचो त्याचं नाव करिआकू. सहा वर्षं ते नाव उच्चारलं, अर्थ विचारला नाही. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं: 'कॅरिअर कोअर'. युद्धात हमालांना जिथे ठेवलं होतं ती जागा. नैरोबीतही 'करिओकोर' आहे. ब्रिटिशांच्या बाजूने लाखो आफ्रिकी हमाल जुंपले गेले, आणि त्यातले नव्वद हजारांहून जास्त मेले, बहुतेक रोगाने आणि उपासमारीने. मी त्या बाजारात कोथिंबीर घेत होतो.

आपल्या लोकांचाही संबंध आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदराच्या किनाऱ्यावर जे सैन्य उतरलं आणि मार खाऊन परत फिरलं ते मुंबईहून जहाजांत बसून गेलेलं हिंदी सैन्य होतं. त्यात शिंद्यांच्या ग्वाल्हेरच्या पायदळाची अर्धी पलटण होती.

नाशिककर_सई:
सगळा धागा एका बैठकीत वाचला. वाचनखूण साठवली आहे.

'लिएम्बा' हे नाव वाचून दचकले, कारण ते मला वेगळ्या वाटेने माहीत आहे. १८६७ साली आफ्रिकेत भटकणारा स्कॉटिश संशोधक लिव्हिंगस्टन टांगानिका सरोवराच्या दक्षिण टोकाला पोचला तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला सांगितलेलं सरोवराचं नाव ते. आणि त्याच्या या सफरीत नाशिकच्या शरणपूरमधली मुलं होती! गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना इथल्या मिशनमध्ये ठेवत, शिकवत, सुतारकी-लोहारकी शिकवत. त्यातली नऊ जण १८६६ च्या मोहिमेत त्याच्याबरोबर निघाली. पुढे लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचं शव ज्यांनी किनाऱ्यापर्यंत नेलं त्यांच्यात शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट होता.

आणि गलबत यांच्या 'तळ्यात बोट कशी नेली' याचा उलटा प्रकार: न्यासा सरोवरासाठी सुट्या भागांची बांधून घेतलेली 'लेडी न्यासा' ही छोटी आगबोट सरोवरापर्यंत पोचलीच नाही. लिव्हिंगस्टनने १८६४ मध्ये ती स्वतः चालवत झांजिबारहून थेट मुंबईला आणली. नदी-सरोवरासाठी बांधलेली बोट, पावसाळा तोंडावर, आणि अख्खा हिंदी महासागर! पुढे ती मुंबईतच विकली गेली.

तांडेल:
जूनच्या तोंडाला? त्या बोटीतून? त्या माणसापुढे हात जोडले.

गलबत:
इतकं काही मिळेल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नावर परत येतो.

मी 'प्रतिष्ठा की गरज' असं विचारलं होतं. गरज होती, हे दार-ए-सलामकरांनी पटवलं: सरोवर म्हणजे रस्ता. पण मला आता दुसरंच दिसतंय. टांगानिकाची लढाई ११ मिनिटांची आणि नंतर एका दिवसाची. बाकी सगळं युद्ध जमिनीवर झालं, फुंगुरुमेच्या वाटेवर, दीडशे पुलांवर, मडक्यांच्या रांगेत. जर्मनांचंही तेच, ५,००० खोकी कोणीतरी उचललीच ना. माझ्या मुलाने विचारलं होतं, युद्धनौका तळ्यात आल्या कुठून. काल त्याला सांगितलं, माणसांनी उचलून आणल्या. त्याने विचारलं, किती माणसांनी? मग आम्ही दोघं बसून इतिहासवेडा आणि तांडेल यांचे प्रतिसाद मोठ्याने वाचले.

घाटवाट:
माझं उरलेलं अर्धं विधानही मागे.

दार-ए-सलामकर:
@गलबत, मुलाला लिएम्बाचा फोटो दाखवायचा असेल तर माझ्याकडे आहेत. जुन्या अल्बममध्ये आहेत, स्कॅन करून आठवड्याभरात इथेच टाकतो. रिव्हेटचाही एक आहे.

ओवी:
होड्या जहाजाला येऊन भिडतात तो असेल तर तोही टाका प्लीज.

नाशिककर_सई:
मी शरणपूर रोडवरून रोज ऑफिसला जाते आणि आजवर तिथे थांबून काही पाहिलेलं नाही. या रविवारी आईला घेऊन जाते, जुनं काय काय उरलंय ते बघून इथे लिहिते.